अक्कलदाढ, नस आणि थ्रीडी स्कॅन
एकांनी म्हटलंय, खालची अक्कलदाढ काढायला ओपीजी (सगळ्या जबड्याचा सपाट एक्स-रे) पुरे, सीबीसीटी (थ्रीडी स्कॅन) उगाच खर्च. बऱ्याचदा पुरतो हो, पण ओपीजीत दाढेचं मूळ नि जबड्याच्या हाडातली नसेची नळी एकमेकांवर चढलेली दिसली की नस गालाकडं आहे की जिभेकडं ते काही केल्या कळत नाही, सीबीसीटीत छेद बघितला की कळतं. खानापूर, निपाणीहून बेळगावला येणारे पेशंट विचारतात, एवढं कशाला डॉक्टर? मी स्क्रीनवरच दाखवतो, ही बघा नळीची पांढरी कड, मुळापाशी तुटलीय, म्हणजे मध्ये हाडच नाही. तिथं नस दुखावली तर खालचा ओठ, हनुवटी बधिर, कधीकधी कायमची. इम्प्लांटला, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात स्क्रू बसवताना, तर नळीपासून २ मिमी अंतर ठेवायचंच, आणि ओपीजीत चित्र मोठं होऊन येतं, त्यावर मोजून कसं चालेल?