घरपाहणीदरम्यान खालच्या मजल्यावरील छत कोसळले. भरपाईची जबाबदारी कोणाची?

कोथरूडमधील 1994 साली बांधलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरची सदनिका विकत घेण्याचे आम्ही ठरवले असून दोन लाख रुपये विसार दिला आहे. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, अद्याप झालेले नाही. इमारत जुनी असल्याने त्यापूर्वी मी स्वखर्चाने एका खाजगी तपासनिसाकडून घराची पाहणी करून घेतली. मालक नाशिकला असतात; त्यांनी दूरध्वनीवरून होकार दिला आणि किल्ली एजंटकडून मिळाली.

तपासनिसाने स्नानगृहातील नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या तोंडात) कापडाचा बोळा घालून दोन इंच पाणी साठवले आणि ते चोवीस तास तसेच ठेवायला सांगून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या शयनगृहातील पीओपीचे छत एका कोपऱ्यात भिजून पलंगावर कोसळले होते. सुदैवाने तिथे कोणी झोपलेले नव्हते. दुरुस्ती, रंग आणि वायरिंग मिळून सुमारे 48 हजारांचा अंदाज आला आहे.

तपासनीस म्हणतो की वॉटरप्रूफिंग आधीच गेलेले होते, चाचणीने ते फक्त उघड केले. शिवाय त्याच्या करारपत्रात 'दायित्व फीच्या रकमेपुरतेच', म्हणजे 6,500 रुपयांपुरते, असे कलम आहे. मालकांचे म्हणणे असे की परवानगी पाहण्याची होती, पाणी साठवण्याची नव्हे, म्हणून ते विसारातून रक्कम कापून घेणार आहेत. खाली जाऊन पाहिले तेव्हा न पडलेल्या भागावर एकात एक अशी पिवळसर वर्तुळे दिसली, कडा गडद आणि सुकलेल्या. एका रात्रीच्या ओलीने असे डाग पडत नाहीत. त्यांची छायाचित्रे मी घेतली आहेत. मात्र खालच्या घरात न विचारता चोवीस तास पाणी साठवणे हाही निष्काळजीपणाच, असे मला वाटते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 नुसार केवळ विक्रीच्या कराराने खरेदीदाराला मालमत्तेत हक्क मिळत नाही, म्हणजे सदनिका आजही मालकांचीच आहे. आणि सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. पण चाचणी माझ्या सांगण्यावरून झाली, हेही नाकारता येत नाही.

जाणकारांना विचारायचे ते असे की, काकू त्या करारपत्राच्या पक्षकारच नसताना दायित्वमर्यादेचे ते कलम त्यांच्या दाव्याला लागू होईल का? जुन्या गळतीचा पुरावा असताना मालकांना माझ्या विसारातून एकतर्फी कपात करता येते का? काकूंना ताटकळत ठेवणे मला बरे वाटत नाही, त्यामुळे जबाबदारी मान्य न करता, हक्क राखून, त्यांचा खर्च आत्ता मी दिला, तर पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटी म्हणून तपासनिसाकडून तो वसूल करता येईल का, आणि त्यासाठी पैसे देताना पावतीवर नेमके काय लिहून घ्यावे? साठेखताची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.