गच्चीवरच्या कुंड्या : पाण्याची पाळी कोणाची?

ए ३०२ : गच्चीवरची अर्धी झाडं मान टाकून उभी आहेत. ज्यांची पाळी आहे त्यांनी कृपया पाणी घालावं. दरवेळी मीच आठवण करायची का?

बी १०४ : अहो मी सकाळ संध्याकाळ घालतेय, कुंडीत बोट घालून बघा, माती चिंब आहे. गेल्या वेळेसारखं उगाच माझ्यावर घसरू नका

ए ३०२ : काकू तुमच्याबद्दल नाही बोललो. पण घालताय तर मलूल का? पाणी कमी पडतंय.

सी ५०१ : पाइपचं नोझल ज्यांनी नेलंय त्यांनी आधी परत ठेवा

सी ४०३ : काकू तुमच्या कुंड्यांखालच्या ताटल्या भरल्यात का बघाल? माती ओली असून झाड मलूल होत असेल तर बहुतेक मुळांना ऑक्सिजन मिळत नाहीये. मुळं जिवंत असतात, श्वसन करतात आणि हवा त्यांना मातीच्या पोकळ्यांतून मिळते. त्या पाण्याने भरल्या की संपलं, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण १०,००० पट हळू पसरतो

ए ३०२ : पाण्यात उभं राहून तहानलेलं? भात नाही का पाण्यात उभा असतो? पाणी कमी पडतंय, साधी गोष्ट आहे.

सी ४०३ : दादा भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, पानांकडून हवा खाली मुळांपर्यंत येते. आपल्या कुंड्यांतल्या झाडांकडे ती सोय नाही

बी २०२ : पण पाणी तर पानं ओढतात ना? बाष्पोत्सर्जन. त्यात मुळाची ऊर्जा कुठे आली, शाळेत तर असंच शिकवलं होतं

सी ४०३ : ताई चांगला प्रश्न. ओढ पानांचीच असते, बहुतेक पाणी त्यानेच वर चढतं. पण झायलेमपर्यंत (पाणी वर नेणाऱ्या नळ्या) पोचायच्या आधी वाटेत कास्पेरियन पट्टी लागते, तिथे पेशींच्या मधल्या फटीतून जाता येत नाही, पेशीपटलातूनच जावं लागतं. पटलात ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या बारीक वाटा असतात (त्यावरच्या कामाला २००३ साली नोबेल मिळालं, पीटर ॲग्रे). ऑक्सिजन नसला की मूळ किण्वनावर येतं, एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), श्वसनात ३० च्या आसपास मिळतात. मग पेशीतला द्रव आम्लधर्मी होतो आणि त्या वाटा मिटतात. पानं वरून ओढत राहतात, खालून पाणी येत नाही, म्हणून मान टाकतात

सी ५०१ : म्हणजे आपलं मेन गेट, रात्री ११ नंतर आत कोणी नाही

बी २०२ : गेटचा विषय निघालाच आहे तर सांगते, परवा माझ्या भावाला अर्धा तास बाहेर उभं केलं होतं, त्यावर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही

सेक्रेटरी : गेटचं मीटिंगमध्ये. इथे झाडांचंच बोला ही विनंती

ए ३०२ : तेच म्हणतोय. पाणी कमी पडतंय.

बी १०४ : आधी पहाटे पानांच्या टोकांवर थेंब दिसायचे, दवाचे नव्हेत, कडेकडेने ओळीत. हल्ली दिसत नाहीत

सी ४०३ : काकू हे फार महत्त्वाचं सांगितलंत! तो बिंदुस्राव. मुळं ऊर्जा खर्चून क्षार झायलेममध्ये ढकलतात, त्यामागे पाणी परासरणाने येतं आणि दाब तयार होतो. रात्री पानांची ओढ जवळजवळ नसते म्हणून तो दाब थेंबांच्या रूपात दिसतो. १७२७ च्या पुस्तकात स्टीफन हेल्सने द्राक्षवेलीच्या कापलेल्या खोडाला नळी लावून तो मोजल्याचं लिहिलंय. थेंब नाहीत याची कारणं दुसरीही असतात, कोरडी हवा वगैरे, पण चिंब माती आणि मलूल झाड यांच्यासोबत पाहिलं तर मला मुळांचीच शंका येते

डी १०१ : मग थोडं खत टाकू का, ताकद येईल

सी ४०३ : काका नको, आत्ता अजिबात नको. खताचे क्षार विरघळले की मातीतलं पाणी ओढणं आणखी अवघड होतं

ए ३०२ : बरं मग करायचं काय ते सांगा, एवढं वाचलं.

सी ४०३ : ताटल्या रिकाम्या करा, तळाची भोकं बुजलीत का बघा. पाणी थांबवा, वरची दोनेक इंच माती कोरडी लागेपर्यंत. कुंड्या सावलीत सरकवा म्हणजे पानांची ओढ कमी होईल. एखादं झाड उपटून बघा, मुळं तपकिरी, मऊ, वासाची असली तर ती कुजलेली, कापून टाका. पांढरी असली तर वाचेल, नवी टोकं फुटली की पाणी परत चढतं

बी १०४ : मी ताटल्या काढते. पण मोठ्या कुंड्या मला सरकणार नाहीत आणि पाळीचं पत्रक आता बदला, रोज घाला असं लिहिलंय त्यावर

ए ३०२ : कुंड्या मी आणि ५०१ सरकवतो. पत्रक सेक्रेटरींनी लावलंय, मी नाही.

सेक्रेटरी : पत्रक आज काढतो. पण रोज घाला हे तुमच्याच सांगण्यावरून लिहिलं होतं, रेकॉर्डसाठी

सी ५०१ : मी येतो संध्याकाळी. नोझल मिळालं का कोणाला?