मदत हवी आहे: नांगराचा शँक वेल्डिंगशेजारूनच तुटतोय

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याचा पलटी नांगराचा शँक (फाळ धरणारा लोखंडी दांडा) आलाय, जाडी ३५ मिमी. दगडाला अडकून मोडला, गावातच ६०१३ या साध्या वेल्डिंग रॉडनं जोडून घेतला, आणि रानात घातल्या घातल्या परत मोडला. जोड शाबूत आहे, तुटलंय ते त्याच्या काठानं. मटेरियल ईएन १९ (एक मिश्र पोलाद) आहे असं तो म्हणतो. नवीन शँक यायला वेळ आहे आणि नांगरट तोंडावर.

कमी हायड्रोजनचा ७०१८ रॉड वापरू की ३१२ स्टेनलेसचा? एक जण जास्त ताकदीचा ११०१८ च घे म्हणतोय. आणि प्रीहीट, म्हणजे वेल्डिंगआधी तापवणं, किती? आमचा पोरगा म्हणतो, ४२ डिग्रीत पडलेलं लोखंड तापलेलंच असतंय की!

प्रतिसाद १
पोराला सांगा, सोलापूरचं ऊन प्रीहीटमध्ये धरत नाहीत. २५० ते ३०० डिग्री पाहिजे, जोडाच्या दोन्ही बाजूंना, आरपार. टेम्परेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) लावून बघा, अंदाजावर नको.
काठानं तुटलं यातच उत्तर आहे. ईएन १९ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, वर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. वेल्डशेजारची पट्टी झटकन गार झाली की कडक आणि ठिसूळ होते. रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन तिथंच शिरतो, तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. जास्त ताकदीच्या रॉडनं हे थांबत नाही, म्हणून ११०१८ सोडा. ७०१८ घेतलात तर ३०० ते ३५० डिग्रीला तासभर तरी भाजून गरमच वापरा. जुनं ६०१३ चं वेल्डिंग मात्र पूर्ण घासून काढा, डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून तडा संपल्याची खात्री करा, मगच खाच पाडा. झाल्यावर कोरड्या चुन्यात पुरून ठेवा, पाणी अजिबात नको.

धागाकर्ता
पण नंतर ६०० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्ह करायला (तापवून आतला ताण काढायला) माझ्याकडे भट्टी नाही ओ.

प्रतिसाद २
मग ३१२. ते हायड्रोजन स्वतःत धरून ठेवतं आणि भट्टीशिवाय चालून जातं. प्रीहीट तरीही करायचंच. आणि मालकाच्या शब्दावर जाऊ नका, तुकडा लॅबमध्ये देऊन स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) करून घ्या. बोरॉन स्टीलचा शँक निघाला तर जोडाजवळचं हार्डनिंग उतरणार, तो तिथं वाकेल. हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ता
उद्याच तुकडा देतो. सोलापुरात जॉबवर्कवर स्ट्रेस रिलीव्ह करून देणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा, पुढच्या कामाला लागेल.