तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला रिठ्याचं पाणी चालेल का?

चकाकतं_कपाळ:
सकाळी चेहरा धुतला तरी दुपारपर्यंत कपाळ-नाक असं चकाकतं की टिपकागद लावावा. हनुवटीवर पुटकुळ्यांचा कायमचा मुक्काम. सध्याच्या फेसवॉशने गाल ओढल्यासारखे होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तेल आहेच. रिठा, मुलतानी माती, कडुनिंब, लिंबू यांतलं रोज काय वापरावं?

मधली_सुट्टी:
लिंबू सोडून काहीही. त्याच्या रसाचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास, त्वचेचा साधारण 5. फुटलेल्या पुटकुळीवर लावून बघा म्हणजे कळेल. (नको, नकाच बघू.)

ओली_माती:
मी रिठा नेहमी वापरते, म्हणून जरा सविस्तर. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं काम करणारे पदार्थ असतात. फेस त्यांचा आणि तेल सोडवतात तेही तेच, त्यामुळे तुमच्या यादीत खरा धुणारा हा एकटाच. पण नैसर्गिक म्हणजे सौम्य, या भ्रमात राहू नका. बी काढून एका रिठ्याची साल वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी कपड्यातून गाळायचं. पाणी फिकट चहाच्या रंगाचं हवं. गडद असलं तर आणखी पाणी घाला. फेस पातळच येतो, तेवढा पुरतो. डोळे गच्च मिटा, थेंब गेला तर जाम झोंबतं. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा, आंबूस वास आला की सरळ ओतून द्या. पहिल्यांदा जबड्याखाली थोडं लावून दोन दिवस वाट बघा. धुतल्यावर चेहरा 'करकरीत' वाटला तर पाणी दाट झालंय.

मुलतानी माती तेल शोषते, पण ती रोज नको. भेगा पडेपर्यंत वाळू देऊ नका, कडा फिकट झाल्या की धुवा. कडुनिंब जंतूंवर काम करतो, कबूल. पण अर्ध्या मिनिटात वाहून गेला तर करणार काय?

चकाकतं_कपाळ:
मग पुटकुळ्यांचं काय? टी ट्री तेलाबद्दल फार ऐकलंय.

ओली_माती:
त्याला थोडा तरी आधार आहे. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत 5 टक्के टी ट्री तेल आणि 5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (पुटकुळ्यांवरचं नेहमीचं औषध) यांची तुलना झाली. फरक दोन्हींनी पडला. टी ट्रीला वेळ जास्त लागला, त्रास मात्र कमी झाला. पण ते लावून ठेवायचं औषध होतं, तोंड धुवायचं नव्हे. निव्वळ तेल तर थेट लावूच नका, त्वचा भाजल्यासारखी होते. आणि तेल किती सुटायचं ते बरंचसं हार्मोन ठरवतात, आपण कितीदा धुतो यावर ते नाही. दिवसातून दोनदा बास.

मधली_सुट्टी:
खोल, दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडत असतील तर घरगुती प्रयोगात महिने घालवू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

चकाकतं_कपाळ:
गाठी नाहीत, बारीकच आहेत. रिठा भिजत घालते. उरलेलं पाणी केसांना चालेल?

ओली_माती:
चालेल की! केसांना थोडं दाट असलं तरी हरकत नाही. डोळे मात्र तिथेही मिटा.