'ओन्ली यस्टरडे' घरी पाहण्यासाठी कोणती आवृत्ती घ्यावी?

सांजवेळ

नमस्कार. इसाओ ताकाहाता दिग्दर्शित 'ओन्ली यस्टरडे' हा १९९१ सालचा जपानी ॲनिमेशनपट मला आईसोबत घरच्या टीव्हीवर पाहायचा आहे. त्यासाठी कोणती आवृत्ती घ्यावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. भारतात तो २०२० पासून ऑनलाइन उपलब्ध झाला, तेव्हा मी लॅपटॉपवर पाहिला होता. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको सुटी काढून यामागाता भागातल्या खेड्यात शेतीच्या कामाला जाते आणि वाटेत तिला तिचे पाचवीतले दिवस आठवत राहतात. कथा एवढीच आहे, परंतु तो चित्रपट माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आईला दाखवण्याचे खास कारण म्हणजे ताएको जे पीक खुडायला जाते ते करडईचे आहे. सबटायटल्समध्ये 'सॅफ्लॉवर' असा शब्द येतो, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना माझ्याही लक्षात आले नव्हते. आईचे माहेर बार्शीकडचे असून तिचे बालपण ज्वारीच्या कडेने लावलेल्या करडईच्या पाट्यांमध्ये गेले. तिचे वय आता एकाहत्तर आहे. तिला इंग्रजी वाचता येते, पण सावकाश.

माझा भाऊ पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येणार आहे आणि ब्लू-रे आणतो म्हणाला आहे. आमच्याकडे भारतात घेतलेला ब्लू-रे प्लेअर आहे. एवढ्या संथ चित्रपटासाठी डिस्क घेण्याइतका फरक खरोखर पडतो का, की ऑनलाइन पाहिलेले पुरेसे आहे? आणि आईसाठी जपानी संवाद ठेवावेत की इंग्रजी डबिंग?

जुनी_डिस्क

सांजवेळताई, फरक पडतो, आणि माझ्या मते वेगवान चित्रपटापेक्षा अशा संथ चित्रपटात तो अधिक पडतो. मारामारीच्या दृश्यात चित्र थोडे फाटले तरी डोळा पुढे निघून जातो. इथे मात्र एकच चौकट कित्येक सेकंद समोर असते आणि तिच्यातला प्रत्येक दोष दिसायला पुरेसा वेळ मिळतो.

या चित्रपटाची दोन रूपे आहेत हे आधी लक्षात घ्या. १९८२ सालचा वर्तमानकाळ भरगच्च रंगांत, पानापानाच्या तपशिलासह रंगवलेला आहे. १९६६ सालचे बालपण मात्र फिकट जलरंगात आहे आणि त्याच्या कडा कागदावर विरून गेल्यासारख्या पांढऱ्या सोडलेल्या आहेत. पार्श्वचित्रांची जबाबदारी काझुओ ओगा यांच्याकडे होती. त्या विरत जाणाऱ्या कडा ही डिस्कची खरी परीक्षा आहे, कारण इंटरनेटवरून येणारे चित्र जास्त दाबलेले असले की फिकट रंगातून पांढऱ्याकडे जाणारा हळुवार उतार सलग न राहता त्याचे पट्टे पडतात. संध्याकाळच्या गल्लीत शेजारच्या वर्गातला हिरोता ताएकोला विचारतो, की पाऊस, ढगाळ आणि ऊन यांपैकी तुला काय आवडते. तो प्रसंग लॅपटॉपवर पाहताना मला आकाशाचे तीन-चार वेगळे तुकडे दिसले होते. चांगल्या ब्लू-रेवर ते आकाश एकसंध दिसते.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. ताकाहाता यांनी मोठ्या ताएकोचे आणि तिला खेड्यात भेटणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे, तोशिओचे, संवाद मिकी इमाई आणि तोशिरो यानागिबा या कलाकारांकडून आधी ध्वनिमुद्रित करून घेतले आणि चित्रे नंतर काढवून घेतली. त्यामुळे हसताना गालावर पडणाऱ्या बारीक रेषाही रेखाटल्या गेल्या, जे त्या काळच्या जपानी ॲनिमेशनमध्ये क्वचितच दिसे. टीव्हीवर 'शार्पनेस' वाढवलेला असेल तर याच रेषा जाड आणि काळ्या होतात आणि सत्तावीस वर्षांची मुलगी चाळिशीची दिसू लागते. म्हणून डिस्क कोणतीही घ्या, पण टीव्हीचा शार्पनेस कमी करा, 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' मोड ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम टिकते. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या मनाने भरू लागला की पात्रे पाण्यावर तरंगल्यासारखी सरकतात.

आता तुमच्या भावाने आणायच्या डिस्कबद्दल. अमेरिकेत हा चित्रपट चित्रगृहांत अधिकृतपणे २०१६ साली, म्हणजे जपाननंतर तब्बल पंचवीस वर्षांनी लागला आणि त्याच वर्षी तिथे ब्लू-रे निघाला. ब्लू-रेसाठी जगाचे 'ए', 'बी' आणि 'सी' असे विभाग केलेले आहेत आणि एका विभागाची डिस्क सहसा दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. ती डिस्क 'ए' विभागाची आहे. भारत ब्लू-रेच्या 'सी' विभागात येतो. तुमचा प्लेअर केवळ 'सी' विभागाचा असेल तर डिस्क चालणार नाही, त्यामुळे ती मागवण्याआधी प्लेअरच्या मागचे चिन्ह पाहून घ्या. ब्रिटनची डिस्क 'बी' विभागाची असते, म्हणजे तीही उपयोगाची नाही. जपानची 'ए'च आहे. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर मिळतो, किंवा संगणकाला जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह घेता येतो.

निळाई

जुन्या डीव्हीडीबद्दल एक सावधगिरीची सूचना देते, कारण मी तिथे फसले होते. मला एका ओळखीच्या संग्रहातून युरोपातली डीव्हीडी मिळाली होती. तिच्यावर चित्रपट सुमारे एकशे चौदा मिनिटांत संपला, म्हणून काही प्रसंग कापले असावेत असे मला वाटले. प्रत्यक्षात काहीच कापलेले नव्हते. 'पाल' पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस फ्रेम चालवतात, त्यामुळे सगळा चित्रपट चार टक्के वेगाने धावतो आणि आवाजही अर्ध्या स्वराच्या आसपास वर चढतो. ज्या चित्रपटाची सगळी ताकद थांबण्यात आहे, त्याच्या प्रत्येक थांब्यातून असा थोडा थोडा वेळ काढून घेतलेला मला सहन झाला नाही. ब्लू-रेवर तो मूळच्या चोवीस फ्रेमच्या गतीने चालतो. केवळ या एका कारणासाठीसुद्धा मी डीव्हीडी सुचवणार नाही.

रानवाट

चित्राबद्दल वर जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, परंतु सांजवेळताईंच्या आईंसाठी सबटायटल्सचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

इंग्रजी डबिंग वाईट नाही. मोठ्या ताएकोला डेझी रिडली यांनी आणि तोशिओला देव पटेल यांनी आवाज दिला आहे, आणि दोघांनीही नाटकीपणा टाळला आहे. तरीही मी जपानी संवादच ठेवण्याचा सल्ला देईन. तोशिओ यामागाताच्या बोलीत बोलतो, ताएको शहरी भाषेत बोलते आणि त्या अंतरावर दोघांचे नाते उभे आहे. शब्द कळले नाहीत तरी हे अंतर कानाला कळते. बार्शीकडची बोली बोलत वाढलेल्या व्यक्तीला तर ते नक्कीच कळेल.

मात्र डिस्कवर इंग्रजी मजकुराचे दोन वेगळे पर्याय असू शकतात. एक जपानी संवादांचे भाषांतर असते आणि दुसरा इंग्रजी डबिंगमधली वाक्ये जशीच्या तशी लिहिलेला असतो. डबिंग करताना ओठांच्या हालचालीत बसावे म्हणून वाक्ये बदलतात, कधी शांततेच्या जागी नवी वाक्येही घालतात. जपानी आवाजावर चुकून हा दुसरा मजकूर लावला तर पात्र बोलते एक आणि आपण वाचतो दुसरेच.

कोणता मजकूर लागला आहे हे ओळखण्यासाठी मी अननसाचा प्रसंग लावून पाहतो. वडिलांनी आणलेला ताजा अननस कसा कापायचा हे घरात कुणालाच ठाऊक नसते, कारण त्यांनी तोवर फक्त डब्यातला खाल्लेला असतो. अखेर थोरली बहीण कापण्याची रीत शिकून येते, तो कापला जातो, सगळे जण टेबलाभोवती बसून पहिला घास घेतात आणि तो गोड लागत नाही. त्यानंतर काही क्षण कुणी काही बोलत नाही. चेहऱ्यांवरून अपेक्षा हळूहळू उतरत जाते आणि एकेक जण आपला वाटा बाजूला सारतो. ताएको मात्र हट्टाने खात राहते. या शांततेत, कुणाचेही ओठ हलत नसताना पडद्यावर वाक्य उमटले, तर तुम्ही डबिंगचा मजकूर लावला आहे असे समजा आणि मेनूत जाऊन बदला.

मूळ नावाबद्दलही आईंना जरूर सांगा. 'ओमोइदे पोरोपोरो' यातल्या 'ओमोइदे'चा अर्थ आठवणी, आणि 'पोरोपोरो' हा आपल्या 'टपटप'सारखा, थेंबाथेंबाने गळण्याचा शब्द आहे. इंग्रजी नावात हे अजिबात आलेले नाही.

जुनी_डिस्क

रानवाट यांच्या मुद्द्याला जोडून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट माझ्याकडून राहून गेली. या चित्रपटाचा खरा शेवट श्रेयनामावलीच्या वेळी घडतो. काय घडते ते इथे लिहीत नाही, पण नावे वर सरकू लागली की टीव्ही बंद करणाऱ्या माणसाने चित्रपटाचा शेवट पाहिलेला नसतो. ऑनलाइन सेवांवर अनेकदा नावे सुरू होताच चित्र कोपऱ्यात लहान होते आणि पुढच्या चित्रपटाची जाहिरात पडदा व्यापते. मी पहिल्यांदा पाहताना हेच झाले आणि रिमोट शोधेपर्यंत निम्मे दृश्य निघून गेले होते. त्या वेळी हारुमी मियाको यांच्या आवाजात 'द रोझ' या इंग्रजी गाण्याचे जपानी रूप वाजत असते आणि त्याचे जपानी शब्द स्वतः ताकाहाता यांनी लिहिलेले आहेत. डिस्कवर हा सगळा भाग पूर्ण चौकटीत, अखंड पाहता येतो. तुम्ही शेवटी ऑनलाइनच पाहणार असलात तर आपोआप पुढे जाण्याची सोय आधीच बंद करून ठेवा.

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. प्लेअरच्या मागे 'सी' असेच चिन्ह निघाले, म्हणून भावाला ब्लू-रेसोबत संगणकाला जोडायचा ड्राइव्हही आणायला सांगितला आहे. एकच शंका उरली आहे. आईला सबटायटल्स वाचायला वेळ लागेल, तर मी शेजारी बसून मराठीत सांगत राहू का? तिचा रसभंग तर होणार नाही ना?

रानवाट

सलग बोलत राहू नका. बालपणाचे प्रसंग सुटे सुटे आहेत, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाआधी चित्र थांबवून दोन वाक्यांत सांगा आणि मग शांतपणे पाहू द्या. शेतातली दृश्ये तर सांगण्याची गरजच नाही. फक्त एक संदर्भ आधी द्यावा. आपल्याकडे करडई तेलासाठी पेरतात आणि बोंडे वाळल्यावर काढतात. तिकडे फूल उमलतानाच पाकळ्या खुडतात, त्यांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढतात आणि उरलेल्या लाल रंगापासून गालाओठांची लाली करतात. आपला जुना कुसुंबी रंग याच फुलाचा. फुले खुडताना ज्या मुलींची बोटे काट्यांनी रक्ताळत त्यांना ती लाली कधी लावायला मिळत नसे, हे ताएको सांगते ते वाक्य मात्र आईंना मराठीत अवश्य सांगा.

सांजवेळ

काल रात्री पाहिला, म्हणून कळवते आहे. ड्राइव्ह व्यवस्थित चालला. अननसाच्या प्रसंगात रानवाट यांनी सांगितलेली खूण तपासली, तेव्हा डबिंगचाच मजकूर लागलेला निघाला आणि तो बदलला. टीव्हीचा शार्पनेस शून्यावर आणल्यावर ताएकोचा चेहरा इतका निराळा दिसला, की मी आधी पाहिला तो वेगळाच चित्रपट होता असे वाटले.

पहाटेच्या धुक्यात सगळे जण करडईच्या रानात उतरतात ते दृश्य आले तेव्हा मी काही सांगायच्या आतच आईने चित्र थांबवायला लावले. ती टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "करडई आहे ही. आम्हीसुद्धा पहाटेच जायचो काढायला, पायाला फडकी गुंडाळून. दव असेपर्यंत काटा नरम असतो, ऊन चढलं की हात घालता येत नाही." मग खुर्चीत परत बसून म्हणाली, "लाव आता पुढं."

नावे संपेपर्यंत आम्ही दोघी बसून होतो. ती लाली कशी काढतात ते तिला नीट पाहायचे आहे, म्हणून रविवारी तेवढा भाग पुन्हा लावणार आहे.