एचसीएमला व्यायाम चालला म्हणून एआरव्हीसीलाही चालेल?

सह्यपठार: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "2023च्या लाइव्ह-एचसीएम अभ्यासानंतर आनुवंशिक कार्डिओमायोपथीत व्यायामबंदी कालबाह्य." कार्डिओमायोपथी म्हणजे हृदयाच्या स्नायूचे आजार, त्यांचे प्रकार अनेक. तो अभ्यास 1,660 जणांचा, तोही एचसीएमचा, म्हणजे स्नायू जाड होण्याच्या प्रकाराचा! एआरव्हीसी मुख्यतः उजव्या व्हेंट्रिकलचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) आजार; त्यात बिघाड बहुतेकदा डेस्मोसोममध्ये, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या शिवणीत असतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात उजव्या व्हेंट्रिकलच्या भिंतीवरचा ताण डाव्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. पातळ भिंतीतल्या पेशींची शिवण उसवते, जागी व्रण नि चरबी येते आणि त्या व्रणाभोवती व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यातले धोकादायक वेगवान ठोके, फिरतो. इथे व्यायामाने ठोके बिघडतातच, शिवाय आजारही पुढे सरकतो.

मंदगती: ते वाक्य माझंच. माणसाला खुर्चीत बसवलं की वजन, शुगर, खचलेलं मन, हे कोण निस्तरणार? ठोके आवरणारी बीटा ब्लॉकर औषधं आहेत, शरीरात बसवलेला, शॉक देणारा आयसीडी आहे.

सह्यपठार: आयसीडी व्हीटी तोडतो, व्रण थांबवत नाही. झोन (किती ठोक्यांपासून यंत्राने उपचार द्यायचा ती मर्यादा) 180ला आणि धावताना सायनस, म्हणजे नैसर्गिक ठोकेच 185 झाले, तर शुद्धीत असताना शॉक बसू शकतो. ट्रेडमिलवर गाठलेले कमाल ठोके पाहून झोन लावून घ्यावा. खुर्चीत बसा कोण म्हणतंय? बोलता येईल इतक्या दमाचं चालणं वेगळं, शर्यत वेगळी.

लीड_व्ही१: मूळ दुखणं तपासणीचं आहे. इटलीत 1982पासून स्पर्धेतल्या खेळाडूंना ईसीजी सक्तीचा. तिथल्या वेनेतो प्रांतात खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळपास 90 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे पोलीस भरतीत मुलं आधी 1600 मीटर जीव तोडून धावतात!

मंदगती: आणि इस्राएलमध्ये 1997च्या सक्तीनंतर फरक दिसला नाही, ते का गाळता?

लीड_व्ही१: गाळत नाही. पण ईसीजी नीट काढतो कोण? व्ही१, व्ही२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीऐवजी दुसऱ्या फटीत चिकटवले की टी (ईसीजीतली एक लहर) उलटा दिसतो आणि धडधाकट पोराला आजारी ठरवतात. चौदाच्या आतल्या मुलांत व्ही१ ते व्ही३ टी उलटा असणं नेहमीचंच. मोठ्यांत, पूर्ण आरबीबीबी (हृदयाच्या उजव्या विद्युतवाटेतला अडथळा) नसताना तसा दिसला, तर इको, एमआरआय आणि होल्टर (दिवसभर अंगावर राहणारा ईसीजी). होल्टर लावून घरी पडून राहू नका, रोजची हालचाल करा. 24 तासांत 500च्या वर व्हीपीसी (खालच्या कप्प्यातून अवेळी उठणारे ठोके) हा एआरव्हीसी ओळखण्याच्या 2010च्या निकषांतला मुद्दा आहे.

मंदगती: बरं, "आनुवंशिक कार्डिओमायोपथी" असं सरसकट लिहायला नको होतं, एवढं मान्य. पण पीकेपी२ या एआरव्हीसीशी निगडित जनुकात दोष सापडला आणि इको, एमआरआय स्वच्छ, त्यांनाही रोखणार?

सह्यपठार: मॅरेथॉन, ट्रायथलॉनपासून हो, ठामपणे. तपासण्या स्वच्छ असताना सुरू असलेली सहनशक्तीची सवयच पुढे आजार लवकर उघड करते. सख्ख्या भावंडांची, मुलांची तपासणी एकदाच करून थांबू नका, काही वर्षांनी पुन्हा करा. आणि धावताना शुद्ध हरपली असेल तर "ऊन लागलं" म्हणून सोडून देऊ नका.