घराजवळचे जुने झाड कधी काढावे?

प्रश्न : घराच्या भिंतीलगतचे जुने झाड शेंड्याकडून वाळत चालले असून बुंध्यात ढोली पडली आहे. सावली मोठी असल्याने तोडायला मन धजत नाही. निर्णय कशावरून घ्यावा?

उत्तर : नुसती ढोली पाहून घाबरू नये. खोडाचे बळ मुख्यतः बाहेरच्या लाकडात असते. ढोलीभोवतीचे निरोगी लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीचे असेल, तर झाड बहुधा तग धरते. मात्र ढोलीचे तोंड रुंद असल्यास हा ठोकताळा लागू पडत नाही.

उत्तर २ : मला मुळांची चिंता अधिक वाटते. बुंध्याच्या तळाशी फळीसारखी टणक बुरशी उगवली असेल, तर वर पालवी हिरवीगार दिसत असली तरी आतली कूज बरीच पुढे गेलेली असू शकते. झाड नव्याने कलले असेल आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेली असेल, तर त्याखालचा वावर त्याच दिवशी थांबवावा.

उत्तर ३ : वरील मताशी सहमत, पण ‘शेंडा छाटून टाका’ असे कोणी सुचवले, तर ऐकू नये. मोठ्या जखमांतून कूज शिरते आणि नंतर फुटणारे धुमारे कमकुवत जोडाचे असतात. वाळक्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. माती उचललेली नाही, परंतु तळाशी तशी बुरशी आहे. त्यामुळे आधी वृक्षतज्ज्ञाकडून मुळे तपासून घेतो आणि तोपर्यंत झाडाखालची गाडी हलवतो.